तान घ्यायचीय? मग आधी ताण घ्या!

डिसेंबरची थंडी, मुकुंदनगरचं मैदान, खांद्यावर शाल, हातात चहाचा कागदी कप. ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाच्या मांडवात गायकाने तार षड्ज लावला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पण माहीत आहे का? पहिल्या टाळ्या मांडवात पडतच नाहीत. त्या पडतात गायकाच्या गळ्यात!

काळी एकचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण २७७ कंपनं. गळ्यातल्या दोन मऊ घड्या, ज्यांना आपण स्वरतंतू म्हणतो, त्या एका सेकंदात २७७ वेळा एकमेकींवर आपटतात आणि सुट्या होतात. तुम्ही जोर लावून सेकंदाला पाच टाळ्या वाजवून बघा. शेजारचे काका लगेच वळून बघतील.

बरं, हा सगळा मामला केवढ्या जागेत चालतो? पुरुषाच्या स्वरतंतूचा थरथरणारा भाग जेमतेम १६ मिलिमीटर, बाईचा १०च्या आसपास. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा अडीच ते तीन मिलिमीटर! तेवढ्यावर ते बाळ रात्री दोन वाजता अख्खी सोसायटी उठवतं. थरथरणाऱ्या मऊ थराची जाडी तर मिलिमीटरभरच.

एवढ्याशा चिंधीत इतकी ताकद आली कुठून? उत्तर एका भारी शब्दात आहे: ॲनायसोट्रॉपी. घाबरू नका, पुढची दोनच मिनिटं फिजिक्स, मग वाघ येणार आहे.

रुमाल काढा, प्रयोग करा

खिशातला सुती रुमाल घ्या. उभ्या धाग्यांच्या दिशेने ओढा. हलत नाही ना? आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. लांबला की नाही! लक्ष्मी रोडवरचे टेलर ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याच कारणाने. कापड तेच, धागे तेच, फक्त दिशा बदलली आणि कापडाचा स्वभावच बदलला. हीच ती ॲनायसोट्रॉपी!

ब्लाउजच्या गळ्याचं जे, तेच आपल्या गळ्याचं! स्वरतंतूतले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे बहुतांशी एकाच दिशेने धावतात, पुढून मागे, म्हणजे कंठमण्याकडून मानेकडे. त्या दिशेने ओढलं की हे ऊतक कडक. त्याला आडवं दाबलं किंवा सरकवलं की एकदम मऊसूत. दोन दिशांमधला फरक थोडाथोडका नाही, कितीतरी पटींचा. आणि ताण वाढत गेला की तो आणखी रुंदावतो.

माहीत आहे का, हे दोन्ही एकाच वेळी लागतं? लांबीत कडक नसेल तर सूर वर चढणार नाही. आडवं मऊ नसेल तर फुप्फुसातून येणाऱ्या हवेने त्यावर लाट उठणार नाही, आणि लाट नाही तर आवाजच नाही. ही लाट स्वरतंतूच्या खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने सरकते. म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचाच स्पीड. तुळशीबागेत रविवारी संध्याकाळी तेवढासुद्धा मिळत नाही.

लांब तार, खालचा सूर. मग हे उलटं कसं?

आता एक कोडं. तंबोऱ्याची तार जितकी लांब, तितका सूर खाली. हे मिरजेतला शेंबडा पोरगाही सांगेल. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय टॅग मिळाला, माहीत आहे ना?) मग आपण वरचा सूर लावतो तेव्हा स्वरतंतू आखूड व्हायला हवेत. होतात मात्र लांब!

खोटं वाटतंय? कंठमण्याच्या खाली बोट फिरवा. एक छोटीशी खाच लागेल. त्या खाचेत बोट ठेवून खालच्या ‘सा’पासून वर वर जा. खाच मिटत जाताना बोटाला जाणवेल. क्रिकोथायरॉइड नावाचा स्नायू आखडतो, पुढची कूर्चा खालच्या कूर्चेवर झुकते आणि आत स्वरतंतू ताणले जातात. पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये हा प्रयोग करू नका. लोक जागा देतील, पण वेगळ्या कारणाने.

तर मग सूर वर का चढतो? कारण कोलॅजनचे धागे मुळात कुरळे असतात. आधी ते नुसते सरळ होतात, तोवर ओढायला फार जोर लागत नाही. पण एकदा ते सरळ झाले की पुढचा प्रत्येक मिलिमीटर महाग! लांबी थोडी वाढते आणि ताण भसाभस वाढतो. लांबी सूर खाली खेचते, ताण वर खेचतो. कुस्तीत दरवेळी ताणच जिंकतो.

हिशेब हवाय? तारेचं शाळेतलं साधं सूत्र लावू. १६ मिलिमीटरचा स्वरतंतू, काळी एकचा मध्य षड्ज, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. लागणारा ताण येतो साधारण २० किलोपास्कल, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर २०० ग्रॅम. तार षड्जासाठी कंपनं दुप्पट, पण ताण चौपट! चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या वर. खरा गळा या सूत्रापेक्षा बराच नखरेल आहे, तरी अंदाज पक्का येतो. दुप्पट काम, चौपट टेन्शन. आयटीवाले पुणेकर, ओळखीचं वाटतंय का?

आणि हवेचा जोर किती? बोलताना फुप्फुसातला दाब जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ तेवढा बुडवून बुडबुडे काढले की झालं. गंमत म्हणजे ही खरोखरच थेरपी आहे. पाण्यात नळी बुडवून ‘ऊऽऽ’ करायचं, स्वरतंतूंना आराम पडतो. फिनलंडमधून आलेली ही युक्ती आज स्पीच थेरपिस्ट सर्रास शिकवतात. लहानपणी सरबतात बुडबुडे काढल्याबद्दल ज्यांना धपाटे बसले, त्यांनी आईला हे जरूर वाचून दाखवावं.

मोजायचं कसं राव?

इथे खरी मजा आहे, म्हणून इथे जरा टेकू या.

लांबीच्या दिशेने मोजणं त्यातल्या त्यात सोपं. देहदानातून मिळालेल्या स्वरयंत्रातून काही मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची. दोन्ही टोकांना टाक्याचा दोरा. एक टोक पक्कं बांधायचं, दुसरं एका नाजूक मोटरच्या दांड्याला. पट्टी कोमट सलाइनमध्ये बुडलेली हवी, तापमान ३७ अंश, कारण सुकलेला स्वरतंतू काहीही खोटं सांगतो. मग मोटर पट्टी ओढते आणि सोडते, ओढते आणि सोडते.

माहीत आहे का, पहिल्या काही ओढण्यांचे आकडे चक्क फेकून देतात? ऊतक ‘सेट’ व्हायला वेळ घेतं. दरवेळी थोडं सैल पडतं आणि मग एकाच वाटेवर स्थिरावतं. रियाजाला बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणी मनावर घेत नाही, तोच न्याय!

स्थिरावल्यावरही ओढतानाची रेघ आणि सोडतानाची रेघ एक येत नाही. स्क्रीनवर एक वाकडी पानासारखी आकृती उमटते. त्या पानाच्या पोटातलं क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक फेऱ्यात उष्णता होऊन गेलेली ऊर्जा. म्हणजे गळा ‘तापतो’ ही नुसती बोलायची गोष्ट नाही तर.

आता आडवं मोजा! इथे भल्याभल्यांना घाम फुटतो. मिलिमीटरभर जाडीच्या, ओल्या, बुळबुळीत थराला आडवं धरायचं कशात? चिमटा लावला तर चिमट्याखालीच निम्मा नमुना जातो. म्हणून युक्त्या निघाल्या. कुणी मिलिमीटरभराची गोळी हलकेच टेकवून किती खड्डा पडतो ते बघतं. कुणी नमुना दोन चकत्यांमध्ये ठेवून एक चकती किंचित डावी-उजवी फिरवतं. ऊतक किती विरोध करतं ते मशीन टिपतं. या मशीनचं नाव रिओमीटर. असल्या मापनात स्वरतंतूचा मऊ थर सरकवायला लागणारा आकडा १० ते १००० पास्कलच्या पट्ट्यात येतो. लांबीच्या दिशेचे आकडे हजारो पास्कलांत. एकाच चिंधीची दोन रेटकार्डं!

सगळ्यात चलाख युक्ती कॅमेऱ्याची. पट्टीवर बारीक ठिपक्यांचा शिडकावा करायचा, ओढताना फोटो काढत राहायचं आणि कोणता ठिपका कुठे सरकला ते कॉम्प्युटरला शोधायला लावायचं. पट्टी लांबीत ओढली तरी ती रुंदीत किती आक्रसते ते त्यात दिसतं. एकाच ओढण्यात दोन्ही दिशांचा हिशेब. पुणेरी काटकसर, पण अमेरिकेतल्या लॅबमध्ये.

फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या शास्त्रज्ञांनी तर हद्दच केली. सिंक्रोट्रॉनचे प्रखर क्ष-किरण वापरून मानवी स्वरतंतूंचे थ्री-डी फोटो काढले, अगदी धाग्यांच्या जुडग्यापर्यंत. एक्स-रे म्हणजे फक्त मोडलेली हाडं, असं समजणाऱ्यांसाठी ही खास बातमी.

आणि रिओमीटर बघायला परदेशी जायला नको. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, रिओलॉजीत म्हणजे मऊ, चिकट, ताणल्या जाणाऱ्या पदार्थांच्या शास्त्रात नावाजलेली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी इथेच पॉलिमर आणि जेलवर काम केलं. त्यांचा विषय गळा नव्हे, पण धडा एकच: अर्धवट द्रव आणि अर्धवट घन अशा पदार्थाला बोलतं करायचं. एनसीएलचं उद्घाटन १९५०चं, सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात १९५३ची. एका शहरात तीन वर्षांच्या अंतराने दोन्ही सुरू झालं, पण एका पुणेकराने दुसऱ्याच्या दारावर थाप मारल्याचं ऐकिवात नाही. कोणीतरी मारा!

आरसा, सूर्य आणि शंभरी

इतिहासाची भरधाव फेरी. सीटबेल्ट लावा.

१७४१: फ्रान्समधला अंत्वान फेरॅं मेलेल्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या स्वरयंत्रात हवा फुंकतो आणि आवाज काढून दाखवतो. शेजाऱ्यांनी काय सहन केलं असेल!

१८५४: जिवंत माणसाच्या गळ्यात डोकावून स्वरतंतू हलताना कोणी पाहिले? डॉक्टरने? छे, गाण्याच्या मास्तराने! मॅन्युएल गार्सियाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत सोडला आणि स्वतःचाच गळा पाहिला. हा गृहस्थ १०१ वर्षं जगला. १९०५ साली त्याच्या शंभरीला जगभरचे घशाचे डॉक्टर लंडनला जमले होते. ‘शतायुषी भव’चा आशीर्वाद स्पॅनिशमध्येही फळतो म्हणायचा.

१८७८: ओर्टेल नावाच्या जर्मन डॉक्टरने उघडझाप करणाऱ्या प्रकाशात गळा पाहिला. कंपनाच्या वेगापेक्षा किंचित वेगळ्या वेगाने प्रकाश लुकलुकला की स्वरतंतू स्लो मोशनमध्ये हलल्यासारखे दिसतात. ही स्ट्रोबोस्कोपी आजही घशाच्या डॉक्टरांचं रोजचं हत्यार आहे. बॉलिवूडने स्लो मोशन नंतर शोधलं.

१९५०: रावूल ह्युसाँ नावाच्या संशोधकाने ठोकून सांगितलं की प्रत्येक कंपनासाठी मेंदू वेगळा झटका पाठवतो. म्हणजे तार षड्जाला सेकंदाला २७७ हुकूम! १९५८ साली व्हॅन डेन बर्ग नावाच्या संशोधकाने तो फुगा फोडला. मेंदू फक्त ताण ठरवतो, बाकीचं काम हवा आणि लवचीकता मिळून करतात. शरीराबाहेर काढलेलं स्वरयंत्रही नुसत्या हवेवर गातं, तिथे कुठे मेंदू असतो? (काही रिॲलिटी शोबद्दलही हा प्रश्न पडतो, पण जाऊ द्या.)

१९७४: जपानच्या मिनोरू हिरानोंनी दाखवलं की स्वरतंतू एकसलग नाही, पाच थरांचा आहे. वर पातळ त्वचा, मग तीन वेगवेगळे थर, तळाशी स्नायू. वरचं आवरण सैल आणि आतलं अंग घट्ट असल्यामुळेच लाट उठते. आजच्या घशाच्या ऑपरेशनचं तत्त्व यातूनच आलं: गाठ काढायची, पण आतल्या थरांना धक्का लावायचा नाही. मिलिमीटरच्या भागात हे करायचं, म्हणजे बघा.

नारायणराव आणि फुटलेला आवाज

माहीत आहे का, वयात येताना मुलांचे स्वरतंतू मुलींच्या मानाने सुमारे दुपटीने वाढतात? म्हणूनच मुलाचा आवाज ‘फुटतो’. नव्या लांबीचा ताण कसा सांभाळायचा हे स्नायूंना कळेपर्यंत ‘हॅलो’चं पहिलं अक्षर बाबांचं, दुसरं आईचं.

आता विचार करा. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. पोराचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी नाव ठेवलं बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा आवाज फुटून गेलेला, स्वरतंतू पूर्ण पुरुषी लांबीचे. आणि भूमिका? शकुंतला! पुढची कित्येक वर्षं त्यांनी भामिनी, रुक्मिणी, सिंधू रंगवल्या. माईकशिवाय! पल्ल्याच्या नाटकात, एकामागून एक ‘वन्समोअर’ घेत. एवढ्या तासांत गळ्यात किती लाख टाळ्या पडल्या असतील, करा गुणाकार. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटनही त्यांच्या जन्मतारखेलाच झालं, २६ जून १९६८. पुण्याने हे एक मात्र वेळेवर केलं.

काही मुलांचा आवाज फुटतच नाही. मिसरूड येतं, आवाज बालवाडीतलाच राहतो. बऱ्याचदा थेरपीनेच काम होतं. नाहीच झालं तर ऑपरेशन. क्योतोच्या नोबुहिको इश्शिकींनी १९७४ साली कंठाच्या कूर्चेची चार प्रकारची ऑपरेशनं मांडली. तिसऱ्या प्रकारात स्वरतंतू सैल करून आवाज खाली आणतात, चौथ्यात ताणून वर नेतात. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसं, फक्त खुंटी डॉक्टरच्या हातात. बरं, रुग्णाला बऱ्याचदा जागं ठेवून, बोलायला लावून हे ट्युनिंग चालतं!

आणि हो, एरंडवण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलला गायक नट मास्टर दीनानाथांचं नाव आहे. त्यांचं निधन १९४२ साली पुण्यातच झालं, वय अवघं ४१. गायकाच्या नावाच्या इमारतीत घसा दाखवायला जायचं, हा योग सगळ्या शहरांच्या नशिबात नसतो.

गप्प बसलेला गळा

हा तुकडा जरा वेगळा. वाचून थांबाल.

बाळाच्या स्वरतंतूत ते कडक धाग्यांचं लिगामेंट नसतंच. सगळा थर जवळपास एकसारखा, दिशाबिशा काही नाही. धागे लांबीच्या दिशेने लागतात ते पुढच्या वर्षांत, हळूहळू, आणि पूर्ण रचना किशोरवयात तयार होते.

जपानी संशोधकांनी २००८ साली अशा तरुण व्यक्तींचे स्वरतंतू तपासले, ज्यांनी जन्मापासून कधीच आवाज काढला नव्हता. वय मोठं, पण आत लिगामेंट घडलेलंच नव्हतं, थरही पडलेले नव्हते. म्हणजे स्वरतंतू आवाज घडवतात हे खरं, पण आवाजही स्वरतंतू घडवतो. रडणारं, ओरडणारं, दिवसभर बडबडणारं कार्टं आपला गळा विणत असतं. तुमच्या डोक्याची किंमत देऊन, अर्थात.

ज्येष्ठमध, सीरम आणि आजीचा काढा

माहीत आहे का, महागड्या फेस सीरमच्या बाटलीवर जे हायलुरॉनिक ॲसिड लिहिलेलं असतं, तेच स्वरतंतूच्या मऊ थरात असतं? पाणी धरून ठेवायचं आणि थर गुबगुबीत ठेवायचा, हेच त्याचं काम. एका बाजूचा स्वरतंतू लुळा पडला तर डॉक्टर त्याचंच इंजेक्शन देतात. चेहऱ्यावर ग्लो, गळ्यात फ्लो!

मग गरम पाणी, ज्येष्ठमध, खडीसाखर? आता हृदयावर हात ठेवा. गिळलेलं काहीही स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही! ते अन्ननलिकेने जातं, आणि त्या वेळी स्वरयंत्राचं दार घट्ट बंद असतं. चुकून थेंब आत गेला तर काय होतं? ठसका! पाण्याचा उपयोग आहे, पण तो रक्तातून, सावकाश. लगेच पोहोचते ती वाफ. म्हणजे आजीचा काढा वाया नाही, पण त्यातला हिरो बहुतेक कपावरची वाफ होती. आजीला सांगू नका.

रेकॉर्ड लावा रे!

सगळ्यात मोठ्याने उच्चारलेला शब्द कोणता असेल? गिनेस बुकात नोंद आहे: १२१.७ डेसिबल, १९९४, बेलफास्ट. ओरडणारी बाई शिक्षिका होती. आणि शब्द? ‘क्वाएट!’ म्हणजे ‘गप्प बसा!’ मराठी शाळांतल्या बाईंना एंट्री पाठवायला सांगितलं असतं तर हा रेकॉर्ड सदाशिव पेठेत असता.

हसू नका, शिक्षकांच्या गळ्याचा प्रश्न खरा आहे. बाईंचा आवाज २०० हर्ट्झ धरला, तर तासभर सलग सुराला ७ लाख २० हजार धडका. धडका बसतात नेमक्या त्या मऊ आवरणावर. रोज रोज असं झालं की दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक गाठी येतात. गायकांच्या गाठी जितक्या प्रसिद्ध, शिक्षकांच्या तितक्याच कॉमन. गाठ आली की तिथला मऊपणा गेला, लाट अडली, आवाज घोगरा.

आता उलटं टोक. अमेरिकन गायक टिम स्टॉर्म्सने २०१२ साली ०.१८९ हर्ट्झचा सूर लावला. म्हणजे एक कंपन पूर्ण व्हायला पाच सेकंदांहून जास्त! माणसाचा कान २० हर्ट्झच्या खाली ऐकतच नाही. थोडक्यात, जगातला सर्वांत खालचा सूर खुद्द गायकालाही ऐकू आला नाही. दाद मशीनने दिली.

कात्रजचा वाघ काय म्हणतो?

वचन दिलं होतं, घ्या वाघ. डरकाळीचं गुपित फुप्फुसांच्या ताकदीत असेल असं वाटतं ना? २०११ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी वाघ-सिंहांच्या स्वरतंतूंच्या पट्ट्या ओढून आणि सरकवून मोजल्या. आत चरबी भरलेली, त्यामुळे कडा आपल्यासारखी निमुळती नाही, चौकोनी आणि सपाट. असा स्वरतंतू कमी हवेतही दणक्यात थरथरतो, आणि ओढणं-सरकवणं दोन्ही झेलतो. म्हणजे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ फारसा जोर न लावता डरकाळी फोडतो. जोर लावावा लागतो तो बाहेर सेल्फी काढणाऱ्यांना हटवणाऱ्या सुरक्षारक्षकाला.

हत्तीचा स्वरतंतू सुमारे १० सेंटिमीटर! बर्लिनच्या झूमधल्या, नैसर्गिक मरण आलेल्या हत्तीणीच्या स्वरयंत्रात व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी हवा फुंकली आणि माणसाला ऐकू न येणारा खर्ज निघाला. २०१२ची गोष्ट. हत्ती खर्ज कसा लावतो, यावरचा वाद त्या एका फुंकरीत निकालात.

जिराफाच्या स्वरयंत्राची नस मेंदूतून निघते, मान उतरून छातीत जाते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा मान चढून गळ्यात येते. काही सेंटिमीटरच्या कामासाठी मीटरच्या मीटर प्रवास. स्वारगेटहून डेक्कनला हडपसरमार्गे!

आणि माकडं? २०२२ साली ४३ प्रजातींची स्वरयंत्रं तपासली गेली. बाकी सगळ्यांच्या स्वरतंतूंवर एक पातळ पडदा असतो, फक्त माणसाचा गळून पडला. पडदा गेला, आवाज स्थिर झाला, आणि बोलणं सोपं झालं. नाटकवाल्यांचा पडदा वर गेला की खेळ सुरू होतो, आपला उत्क्रांतीतच गेला.

आता ऑडिशन कुत्र्याच्या गळ्यात

हे सगळं मोजमाप कशासाठी? खराब झालेल्या स्वरतंतूला नवा बदली थर बनवायचा असेल तर आकडे दोन्ही दिशांचे लागतात. नुसता मऊ थर बनवला तर सूर चढत नाही. नुसता कडक बनवला तर लाट उठत नाही.

कॉम्प्युटरवरचा गळा तर कधीच गायला. अमेरिकन शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी हे सगळं गणित घालून एक डिजिटल टेनर तयार केला आणि त्याच्याबरोबर स्वतः गायलेसुद्धा. नाव ठेवलं ‘पावारोबोट्टी’! पुणेकरांनी बनवला असता तर ‘यंत्रगंधर्व’ ठेवलं असतं.

२०१५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टीमने माणसाच्या स्वरतंतूतल्या पेशी कोलॅजनवर वाढवल्या. दोनेक आठवड्यांत ऊतक तयार. ते मेलेल्या कुत्र्याच्या स्वरयंत्रात बसवलं, खालून उबदार, दमट हवा सोडली आणि आवाज निघाला! राग ओळखता आला नाही, पण लाट अगदी खरी उठली.

कुत्र्याचाच गळा का? आकार आणि ठेवण आपल्या गळ्याच्या बरीच जवळची, म्हणून लॅबवाल्यांचा तो जुना लाडका. पण या बाबतीत किराणा घराणं लॅबवाल्यांच्या कितीतरी पुढे होतं. सवाई गंधर्वांचे गुरू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी म्हणे आपल्या कुत्र्याला सुरात गळा लावायला शिकवलं होतं. त्याचे जाहीर कार्यक्रमही झाल्याची आठवण जुने लोक सांगत. गंडाबंधन झालं होतं की नाही, तेवढं मात्र कोणी सांगत नाही.